गोपिकाबाईंचा नवस

नवस बोलल्या होत्या गोपिकाबाई, पण फेडायची घाई झाली होती प्रेमलताला. माहेरच्या कामात लेकीचा एक हात असावा, असं म्हणतात. प्रेमलताचे दोन्ही असत, आणि मधूनमधून पायही. रविवार तिनेच ठरवला, पाहुण्यांना फोन तिनेच केले आणि सकाळी जरीपटक्याच्या सासरहून निघताना तुपाचा डबा मांडीवर घेऊन बसली तो नरखेडकडच्या बागेत पोचेपर्यंत खाली ठेवला नाही.

गोपिकाबाईंच्या घरच्या, रेवतकरांच्या संत्र्याच्या बागेला लागूनच बांधावर मारुती आहे. छप्पर टिनाचं, पण गावात दबदबा मोठा. नवस रोडग्यांचा होता, निखाऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या जाड रोट्यांचा. महाल वस्तीतल्या घरून गोपिकाबाई-ताराचंद, मुलगा केशव, सून कामिनी आणि नात मिनल असे सगळे आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. ताराचंदांनी पहाटेच गोवऱ्या रचल्या होत्या आणि त्या पेटल्यापासून ते कुणालाही आगीजवळ फिरकू देत नव्हते. बायकोचा नवस असला तरी रोडगे भाजायचा मान आपला, हे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

गोपिकाबाई परातीत जाडसर कणीक मळत होत्या. प्रेमलता त्यांच्या शेजारी टेकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माय, वैनीनं गोळ्या सोडल्या ना नक्की?"

"सोडल्या म्हणते."

"म्हणते नाई. तू पाह्यलं का?"

"मी का तिचं तोंड उघडून पाहू वं?"

"तसं नाई माय. पन गोळ्या चालू ठेवून नवस फेडला तं तो फिटला कसा म्हनायचा? मारुती म्हनन, अर्धं माह्याकून करून घेतलं न अर्धं डॉक्टरकून. देवासंगं खोटं बोलल्यासारखं होते ते."

गोपिकाबाईंनी कणकेत ओवा टाकला.

"न दुसरं म्हनजे, पुढच्या महिन्यात मिनलले पाहाले येऊन राहिले," प्रेमलता म्हणाली. "मानसं चांगली आहेत, पन मानसंच आहेत ना. मुलीची आई पागलखान्याच्या गोळ्या खाते म्हनलं तं चहाचा कपही नाही उचलनार. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पागलखाना नको म्हनू. सरकारी दवाखान्यात जाते ते."

"लोकायले काय फरक पडते वं?"

प्रेमलता वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागच्या हिवाळ्यात कामिनी अंथरुणाला खिळली, तेव्हा हीच बाई दिवसाआड स्कूटीवर डबा घेऊन महालाच्या त्या गल्लीबोळांतून यायची आणि डबा तसाच परत गेला की रस्त्यात रडायची. पण तिच्या सासरी एका चुलत दिराला कुणीतरी एकदा 'डोक्याचा पेशंट' म्हटलं होतं, आणि त्याचं लग्न शेवटपर्यंत जमलं नाही. ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. भाचीचं तसं होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं, आणि त्यासाठी ती मारुतीलाही आपल्या बाजूला ओढायला तयार होती.

•

कामिनी लिंबाच्या सावलीत वांगी चिरत होती. मान वळवली की जमीन जराशी मागे राहायची आणि डोळे पुढे जायचे, म्हणून ती मान न वळवता फोडी पाण्यात टाकत होती. गोवऱ्यांचा धूर सगळ्यांच्या नाकातोंडात जात होता. तिला त्याचा वासच येत नव्हता.

देवदिवाळीनंतर तिने गोळ्या बंद केल्या होत्या. पहिले काही दिवस बरे गेले. मग पहाटे अंधारातच जाग येऊ लागली, आणि जाग आली की छातीवर कुणीतरी पाटा ठेवून गेल्यासारखं वाटायचं. ही पायवाट तिच्या ओळखीची होती.

मागच्या हिवाळ्यात काय झालं होतं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं, हीच पंचाईत. कुणी गेलं नव्हतं, कुणी टाकून बोललं नव्हतं. एका सकाळी दूध उतू जात होतं, ती शेगडीसमोर उभी होती आणि हात उचलवत नव्हता. मग आंघोळ म्हणजे डोंगर झाला. केस विंचरायचे राहिले, त्यांचा गुंता झाला. सासवांनी बसून खायच्या वयात गोपिकाबाईंनी तिला पाटावर बसवून न्हाऊ घातलं, खोबरेल चोळून तो गुंता बोटांनी सोडवला, आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कामिनीला उत्तर देता आलं नसतं. त्या न विचारण्याबद्दल तिला आजही त्यांचे पाय धरावेसे वाटत.

अशक्तपणा आहे, सलाईनची बाटली लावून आणू, म्हणून केशव तिला वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या नीला सिस्टरने बीपी पाहिलं, पट्टा काढला आणि सहज विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही, असं होतं का? कामिनी इतकी रडली की बाहेर बसलेला केशव आत धावत आला. मग नीला सिस्टरनेच मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं. तिथे बाकावर जागा नव्हती. गल्लीतल्या शिकवणीच्या मॅडम होत्या, एक एसटीचा कंडक्टर होता, कॉलेजची पोरगी होती, पागोटं मांडीवर ठेवून बसलेले एक आजोबा होते. प्रत्येकजण आपण चुकून आलोय असं तोंड करून बसला होता. "डेंगूचं विचारायले आमी दारोदार जातो," नीला सिस्टर म्हणाली होती, "याचंही तसंच दारोदार विचारलं पाहिजे. घरटी एखादं निघते हो. पण लोक म्हणतात, नका विचारू, शेजारी ऐकन."

गोळ्या सुरू झाल्या, महिन्या-दीड महिन्याने एका दुपारी कामिनीला फोडणीचा वास आला आणि ती तिथेच खाली बसून हसली. डॉक्टरांनी बजावलं होतं, बरं वाटलं तरी मनाने सोडायच्या नाहीत. हे सगळं तिला पाठ होतं. गोपिकाबाई जेव्हा म्हणाल्या, "नवस फेडापुरत्या सोड वं, मारुती सांभाळून घेईन," तेव्हा 'नाही' तिच्या जिभेवर आलं होतं. पण ज्या हातांनी केसांचा गुंता सोडवला, त्या हातांना नाही कसं म्हणायचं? उपकाराचं हे असंच असतं. करणारा विसरून जातो, घेणाऱ्याची मान काही वर होत नाही.

"मम्मी, कवाची हाका मारून राहिली मी," मिनल समोर येऊन उभी राहिली.

"ऐकलं ना."

"मग बोलली काहून नाही?" मिनल तिच्यासमोर उकिडवी बसली. हिवाळ्यात आईच्या उशाशी बसून परीक्षेचा अभ्यास केलेली ही मुलगी, तिला आईचा चेहरा वाचायला चष्मा लागत नव्हता. "तू रात्रीची गोळी घेऊन राहिली ना?"

कामिनीने विळी आडवी केली.

"मम्मी?"

"आजीचा नवस होता न वं. नवस फिटेपर्यंतच..."

"आजीनं सोडाले लावल्या?"

"तिच्यावर ओरडू नको. लय केलं तिनं माह्यासाठी."

"केलं ना. म्हनूनच म्हनते. तिनं एवढं केलेलं सारं तू पान्यात घालून राहिली." मिनलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून ती उठून तरातरा विहिरीकडे निघाली. तिकडे बाप होता.

•

केशव सिंचन विभागात बाबू होता आणि घरात आई-बायकोच्या मध्ये तो पंचवीस वर्षं दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा होता. या कसरतीचा त्याला थोडा अभिमानही होता. मिनलचं सगळं ऐकून घेतल्यावर पहिल्यांदा त्याला वाटलं, आता काय करायचं, जेवणं होऊन जाऊ दे, घरी गेल्यावर बघू.

मग त्याचं लक्ष विहिरीच्या काठाकडे गेलं.

मागच्या हिवाळ्यात, दवाखान्यात जायच्या आधी, ते असेच बागेत आले होते आणि कामिनी त्या काठावर एकटी पाय सोडून बसली होती. त्याने तिला हाक मारली होती, "मोटर चालू करतो, बाजूले हो." ती उठून आली होती. काठावर का बसली होतीस, हे त्याने त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. ते विचारलं नाही म्हणून रात्री कितीदा त्याची झोप उडाली होती, हे त्याचं त्यालाच माहीत.

त्याने नीला सिस्टरला फोन लावला. रविवार होता, पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. त्याला बोलायचा संकोच वाटला, पण सिस्टरने सगळं शांतपणे ऐकलं. "घरच्यांवर रागावू नका, केशवभाऊ. बरं वाटलं की बहुतेक लोक सोडतात. देवापायी सोडतात, खर्चापायी सोडतात, पाहुणे पाहतीन म्हणून सोडतात. डॉक्टरांना विचारून सांगते." थोड्या वेळाने तिनेच उलटा फोन केला. "आज रात्री नेहमीच्या वेळेला नेहमीचीच एक गोळी द्या, राहिलेल्या भरून काढू नका. उद्या सकाळी घेऊन या. आणि एक करा, जीव द्यावा असं मनात येतं का, ते तिला सरळ विचारा. विचारल्यानं कोणी तसं करत नाही. हो म्हणाली तर उद्याची वाट पाहू नका, तिला एकटी सोडू नका, आजच घेऊन निघा."

त्याने कामिनीला विहिरीपाशी बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत आली.

"मागच्या साली तू इथं काहून बसली होती?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला.

कामिनीने विहिरीकडे पाहिलं. "पानी किती खोल आहे, ते पाहून राहिली होती," ती म्हणाली.

केशव मोटरच्या ओट्यावर बसला.

"तुमी हाक मारली म्हनून उठली."

"मी तं मोटरसाठी मारली होती."

"मारली ना पन."

"आज?" त्याने विचारलं. "आज तसं काही मनात?"

"नाही. आज तसं नाही. आज नुसती भीती वाटून राहिली, परत तिथंच जाऊन पडतो का काय." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुमी विचारलं, बरं झालं. कोनी विचारन म्हनून मी वाट पाहत होती."

पंचवीस वर्षांत त्याने बायकोचा हात चारचौघांत धरला नव्हता. तो धरून तो तिला बांधाकडे घेऊन आला, तेव्हा आगीपाशी बसलेल्या ताराचंदांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा निखारे सारखे करायला लागले.

•

गोपिकाबाईंनी नैवेद्याचं ताट वाढलं. फोडलेला रोडगा, त्यावर तूप, वरण, वांग्याची भाजी. गावातले पाचपंचवीस लोक पंगतीला टेकले होते. केशव-कामिनीला हातात हात धरून येताना गोपिकाबाईंनी पाहिलं आणि काहीतरी बिनसलंय, एवढं त्यांना कळलं.

"ये वैनी," प्रेमलताने ताट कामिनीच्या हातात दिलं. "ठेव मारुतीपुढं न सांग, मी पूर्न बरी झाली, औषध सुटलं, नवस पावला."

"कामिनी तसं सांगनार नाही," केशव म्हणाला.

सगळ्यांनी मान वळवली. केशव चारचौघांत बहिणीला अडवतोय, हे पंगतीतल्या कुणाच्याच आठवणीत नव्हतं.

"काहून गा?" प्रेमलता म्हणाली.

"काहून की औषध सुटलं नाही. सोडवलं. आज रात्रीपासून ते परत घेनार आहे न उद्या मी तिले दवाखान्यात घेऊन जाऊन राहिलो."

"हळू बोल, लोकं आहेत."

"असू दे लोकं."

"मिनलचं लग्न नाही करायचं का तुले?"

"आत्या, माह्या नावावर नको टाकू," मिनल म्हणाली. "ज्यायले माह्या आईची गोळी चालत नाही, त्यायले मी कशी चालन? मले त्या घरात कधी असं झालं, तं मले कोन दवाखान्यात नेईन, ते सांग."

प्रेमलताने आईकडे पाहिलं. गोपिकाबाईंना मात्र लेक, नात, पंगत काही दिसत नव्हतं. त्या सुनेकडे पाहत होत्या. तिच्या डोळ्यांखाली पुन्हा काळं आलं होतं. रोज समोर असून आपल्याला हे दिसलं कसं नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"कामिनी," त्या म्हणाल्या, "मी तं तुह्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठीच, आई. मले माहीत आहे." कामिनीने ताट खाली ठेवलं. "तुमी नसत्या तं मी आज इथं उभी नसती. माह्या मायनं नसतं केलं तेवढं तुमी केलं. म्हनून तं तुमी सोड म्हनलं तशा मी गोळ्या सोडल्या. पन तुमी मले विचारलं का, तुले कसं वाटते म्हनून? नाही विचारलं. नवस बोलल्या, मले विचारलं नाही. सारं गाव जेवाले बोलावलं, मले विचारलं नाही. गोळ्या माह्या, डोकं माहं, त्रास माहा, न बंद कवा करायच्या ते ठरवता तुमी न ताई. वीस-पंचवीस वर्सं झाली, वांग्याच्या भाजीत कूट किती टाकायचा तेही तुमीच ठरवता. घट्ट करून ठेवता भाजी, चमचा उभा राहते तिच्यात. मी कधी म्हनलं का काही? म्हनलं, दहा वेळा म्हनलं. ऐकलं का तुमी?"

पंगतीत कुणीतरी द्रोण खाली ठेवला.

"मी गोळी सोडनार नाही," कामिनी म्हणाली. "नवस फिटो का न फिटो. मारुतीले राग आला तं मी पाहून घेईन त्याच्यासंगं. पन मले त्या अंधारात परत जायचं नाही, आई. मले तुमच्यात राहायचं आहे."

आता गोपिकाबाई रडतील, असं सगळ्यांना वाटलं. त्या रडतच होत्या. पण पदराआड त्यांचे खांदे हलत होते ते निराळे, आणि पदर बाजूला केला तेव्हा त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, लहान मुलासारखं.

"माय, काय झालं वं तुले?" प्रेमलता घाबरून पुढे झाली.

"तू सरक बाजूले," गोपिकाबाईंनी लेकीला सांगितलं.

ताराचंद आगीपाशी उठून उभे राहिले. त्यांच्या हातात चिमटा होता. "गोपिका," ते म्हणाले, "तू नवस तरी काय बोलली होती? मलेही नाही सांगितलं तू."

"फेडल्याबिगर सांगायचा नसते तो." गोपिकाबाईंनी डोळे पुसले आणि मारुतीकडे पाहिलं. "मी तिले बरी कर म्हनलंच नव्हतं. बरं होनं काय असते ते मले कुठं ठाऊक होतं तवा? ताप नाही, खोकला नाही, न सून रोज थोडी थोडी विझून राहिली. वीस-पंचवीस वर्सं भांडली माह्यासंगं. भाजीवरून भांडली, पोरीच्या शाळेवरून भांडली, माह्या डोकं बांधून झोपन्यावरून भांडली. न त्या हिवाळ्यात मी काहीही म्हनलं तं नुसती 'हो आई' म्हने. मले त्या 'हो आई'ची धास्ती पडली होती. मी इथं येऊन म्हनलं, मारुतीराया, रोडगे करीन, पंगत घालीन, एकदा इले माह्यासंगं भांडाले लाव."

प्रेमलताने नाक ओढलं. मिनलने तिच्या काखेतला तुपाचा डबा हळूच काढून घेतला, तेव्हा तिने तो सोडला.

"मग देवदिवाळीले मी तुले गोळ्या सोड म्हनलं," गोपिकाबाई सुनेला म्हणाल्या, "न तू पुन्हा म्हनली, हो आई. तवाच मले कळाले पाहिजे होतं. नाही कळलं. देव रागावन, देव रागावन, याच्याच भेवानं मेली मी. त्यानं धाडली ती नर्सबाई, त्यानं धाडली ती गोळी, न मी त्याच्याच नावानं बंद केली." त्यांनी खाली ठेवलेलं ताट उचलून पुन्हा कामिनीच्या हातात दिलं. "गोळी खाऊन तू भांडत असशीन, तं गोळी खा बाई. जलमभर खा. उद्या मीही येतो दवाखान्यात, त्या नर्सबाईसाठी दोन रोडगे बांधून घेतो. तिचे पाय नाही धरता येत, लहान आहे ते, पन डोक्यावरून हात फिरवीन."

कामिनीने ताट मारुतीपुढे ठेवलं. तिने नुसते हात जोडले. जिभेला चव नव्हती, डोकं गरगरत होतं, पहाटेचा तो पाटा अजून छातीवर तसाच होता. तो उद्याच्या उद्या उतरणार नव्हता, हे तिला नीट माहीत होतं. पण मागे सासू उभी होती, नवरा उभा होता, आणि मिनल आत्याच्या खांद्यावर हात टाकून तिला काहीतरी समजावत होती. एवढी माणसं आपल्यासाठी उभी आहेत, या विचाराने तिला भरून आलं.

"बसा रे पंगतीले," ताराचंद ओरडले. "एका अंगानं करपले सारे रोडगे. बायका नवस फेडतात न भुर्दंड माह्यावर."

लोक हसले, द्रोण फिरू लागले. गोपिकाबाईंनी गाभाऱ्याच्या पायरीवर बूड टेकलं आणि कामिनीला शेजारी ओढून बसवलं. मांडीला मांडी लागली.

"आई," कामिनी थोड्या वेळाने म्हणाली, "माहं अजून भांडून झालं नाही."

"बोल वं बाई," गोपिकाबाई म्हणाल्या. "ऐकून राहिली मी."